नयनमोनीची दुसरी इनिंग

लॉन बॉल्सपटू नयनमोनी सैकियावरचा तुमचा लेख आवडला, पण तिचं आधीचं वेटलिफ्टिंग तुम्ही एका ओळीत उरकलंत, ते खटकलं. पायाच्या दुखापतीने खेळ सुटला, तेव्हा आसामच्या गोलाघाटची ही मुलगी लॉन बॉल्सकडे, म्हणजे हिरवळीवर बॉल घरंगळवत एका छोट्या चेंडूजवळ नेण्याच्या खेळाकडे वळली. आडदांड ताकदीच्या खेळातून थेट बोटांच्या अंदाजावर चालणाऱ्या खेळात! हे सोपं नाही हो.

या खेळातला बॉल सरळ जातच नाही. एका बाजूला मुद्दाम कल दिलेला असतो. वेग संपत येतो तसा तो जास्त वळतो आणि पांढऱ्या जॅककडे, म्हणजे त्या छोट्या चेंडूकडे सरकतो. म्हणजे नेम जॅकवर नाही, त्याच्या कितीतरी बाजूला धरायचा.

2 ऑगस्ट 2022 ची बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेतली लॉन बॉल्सची महिला चौकडीची फायनल मी मोबाइलवर पाहिली. लव्हली चौबे, पिंकी सिंग, नयनमोनी आणि स्किप, म्हणजे कर्णधार, रूपा राणी तिर्की. आपली 8-2 अशी आघाडी होती, ती दक्षिण आफ्रिकेने पुसून टाकली, वर 10-8 नी पुढेही गेले. माझ्या पोटात गोळा आला होता. तिथून आपल्या पोरींनी 17-10 नी सामना काढला! या खेळात राष्ट्रकुलमधलं भारताचं पहिलंच पदक, आणि तेही सोन्याचं. आदल्या दिवशी सेमीफायनलला न्यूझीलंडला 16-13 नी हरवलं होतं, तो सामनाही तितकाच भारी.

पुढे नयनमोनीला अर्जुन पुरस्कार मिळाला, फार बरं वाटलं. बाकी तिघींवरही असेच सविस्तर लेख लिहा, ही मनापासून विनंती. लव्हली झारखंड पोलिसात आहे, आधी धावायची; तिच्यापासूनच सुरुवात करा ना.