कामून तोडलं?

आज संध्याकाळी संभाजीनगरहून परभणीला परत येत होतो. गाडी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याची, मागं दोघं जण, मी पुढं. जालना मागं पडलं होतं, मंठा यायचं होतं, अंधार पडत आलेला. गप्पा आपोआप थांबल्या होत्या आणि ईगल्स बँडचं 'हॉटेल कॅलिफोर्निया' लागलं. मी सीट जरा मागं केली. शेवटची ओळ संपली, ड्रमवर ते दोन फटके पडले, पहिली गिटार निघाली आणि ह्या माणसानं बोट पुढं करून गाणं बदललं.

"संपलं की," म्हणाला. "आता नुसतं वाजवणंच आहे."

नुसतं वाजवणं!

मी काही बोललो नाही. गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, मान्य. पण घरी आलो, जेवलो, आणि अजून डोकं शांत झालेलं नाही म्हणून हे लिहितोय.

साडेसहा मिनिटांच्या गाण्यातली शेवटची दोन मिनिटं त्यानं कापली. ती दोन मिनिटं कशी झालीत ते ऐका. बँडचा गिटारवाला डॉन फेल्डर, त्यानं मालिबूला समुद्राकाठच्या भाड्याच्या घरात बसून ह्या गाण्याची चाल कॅसेटवर टेप केली होती, गिटारच्या त्या शेवटच्या जागांसकट. पुढं सगळा बँड मायामीला रेकॉर्डिंगला बसला. फेल्डर आणि दुसरा गिटारवाला जो वॉल्श नवीन काहीतरी वाजवायला लागले तर गाणारा डॉन हेन्ली, त्यानं थांबवलं. म्हणाला, कॅसेटवर होतं अगदी तसंच पाहिजे. आता कॅसेट राहिली घरी. फेल्डरनं घरी फोन लावला, घरकाम करणाऱ्या बाईला ती कॅसेट शोधायला लावली, फोनच्या रिसीव्हरजवळ धरून वाजवायला सांगितली, आणि स्वतः बनवलेलं फोनवरून ऐकून परत बसवलं. शब्द लिहिणाऱ्या माणसाचा गिटारच्या जागांसाठी एवढा हट्ट. आणि आपण बोटानं सरकवून टाकायचं.

तुम्हाला हे समजावून सांगायची गरज नाही. माझ्या यादीत जे आहेत ते असं करणारच नाहीत. तरी लिहितो, कारण मला आज सारखी अण्णांची, माझ्या वडलांची, आठवण येतेय.

1996 सालची गोष्ट. आम्ही गंगाखेडला. मी दहावीत. मामेभाऊ, आमचा दादा, पुण्याला शिकायला होता. दिवाळीला आला तेव्हा त्यानं मला साठची एक कॅसेट भरून आणली. मित्राकडून टेप टू टेप भरलेली, वर निळ्या पेनानं बारीक अक्षरात गाण्यांची नावं. ब बाजूला शेवटचं नाव 'कम्फर्टेबली नम', पिंक फ्लॉइड, 1979. साठच्या कॅसेटला एका बाजूला तीसच मिनिटं. दादानं हिशोब केला नव्हता, बसेल तेवढं बसवलं होतं. त्या गाण्यात गिटारचे दोन सोलो आहेत, म्हणजे शब्द थांबून एकटी गिटार पुढं येते त्या जागा. पहिला मधे, छोटा, शांत. दुसरा शेवटी, जवळपास दोन मिनिटांचा. तो दुसरा सुरू होतो, वर चढायला लागतो, आणि माझ्या कॅसेटवर तिथंच पट्टी संपायची. खट्ट. बटण वर.

तीन वर्षं मला ते गाणं तेवढंच माहीत होतं.

रात्री लाईट जायची, ती जायचीच. टेपचे सेल उतरले की मी ते दिवसभर पत्र्यावर उन्हात ठेवायचो, मग रात्री तासभर चालायचे, तेही दमून दमून. अशाच एका रात्री अंगणात बाजेवर टेप लावलेला. अण्णा ओट्यावर बसलेले. अण्णा कापसाच्या जिनिंगमध्ये मुनीम होते आणि एकादशीला भजनी मंडळात गायचे. इंग्रजी गाण्यांचा त्यांना मनापासून तिटकारा. "काय कोकलायलंय ते, बंद कर," हे रोजचं. त्या रात्री काही बोलले नाहीत. मला वाटलं डोळा लागला असेल. दुसरा सोलो सुरू झाला, चढला, आणि खट्ट.

अंधारातून आवाज आला, "कामून तोडलं?"

मी म्हणलं, मी नाही तोडलं, पट्टी संपली.

"मग पुढचं कुठंय?"

पुढचं नाही, म्हणलं. एवढंच आहे.

अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "चांगलं आळवायला लागला होता गडी."

आळवायला. तो सोलो वाजवणाऱ्या डेव्हिड गिल्मूरबद्दल आख्ख्या जगानं पानंच्या पानं लिहिली असतील. त्या एका शब्दाच्या जवळ जाणारं मी तरी काही वाचलेलं नाही. अण्णांना गिटार हातात कशी धरतात ते माहीत नव्हतं, गाणं कशाबद्दल आहे ते माहीत नव्हतं. पण तार ओढून सूर खालून वर नेणं, तिथं तो थरथरत ठेवणं, मग हळूच सोडणं, हे त्यांना गळ्यातून माहीत होतं. त्याला ते मींड म्हणायचे, गिटारवाले बेंड म्हणतात. अभंगाचे शब्द संपून गजर चढायला लागला की कोणी उठून चपला शोधायला लागत नाही. खरं तर तिथंच सगळे सरसावून बसतात. अण्णांना गिल्मूरचं तेच ऐकू आलं असणार.

बाकी, गिल्मूरनं तो सोलो एका बैठकीत वाजवलेला नाही. पाच-सहा वेळा वेगवेगळा वाजवला, मग प्रत्येक वेळचा कुठला तुकडा जमलाय त्याच्या खुणा कागदावर केल्या आणि ते तुकडे जोडून एक केला. हे मला कळलं तेव्हा थोडं वाईट वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. आता नाही वाटत. अण्णासुद्धा एक ओळ दहा वेळा घोळवायचे तेव्हा एकदा ती जागा सापडायची.

काल-परवा कुणीतरी मला रील पाठवलं होतं, 'जगातले दहा महान गिटार सोलो'. एका मिनिटात दहा! प्रत्येकाला सहा सेकंद! हे म्हणजे पंढरीच्या वारीचे सहा सेकंद दाखवून दर्शन झालं म्हणायचं. आणि दहातले सात नुसते पळणारे. ज्यानं जास्त सूर ओतले तो मोठा, असं कोणी ठरवलं? एडी व्हॅन हेलनचं 'इरप्शन' मलाही आवडतं. 1978 चं, पावणेदोन मिनिटंसुद्धा नाही, आणि ते आल्यावर गिटारवाल्या पोरांची झोप उडाली होती. पण त्याच्या वेगात खेळ आहे, आनंद आहे. त्याची नक्कल करणाऱ्या निम्म्या लोकांत नुसती बोटं आहेत. आणि हो, काही सोलो उगीच ताणलेले असतात, ते मलाही झेपत नाहीत. ठीक आहे. पुढं.

डायर स्ट्रेट्स बँडच्या मार्क नॉफ्लरचं 'सुल्तान्स ऑफ स्विंग' ऐका. 1978. हातात पिक, म्हणजे तार छेडायची छोटी चकती, नाही, उघड्या बोटांनी तार छेडतो, त्यामुळं प्रत्येक सूर कोणी शेजारी बसून बोलल्यासारखा येतो. क्वीन बँडच्या ब्रायन मेची गिटार तर दुकानातलीच नाही. 1963 साली शाळकरी पोरगा असताना त्यानं वडलांबरोबर ती घरी करायला घेतली, जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड वापरून. पिकऐवजी सहा पेन्सचं नाणं. 'बोहेमियन ऱ्हाप्सडी'त शब्दांचा आवाज थांबतो आणि ती गिटार येते, तेव्हा मला दर वेळी त्या बापलेकांची सुतारकी दिसते. बापानं पोराबरोबर बसून केलेली वस्तू जगभर वाजली.

बघा, परत बापावरच आलो.

अण्णांच्या मंडळात पखवाज वाजवणारे एक काका होते. जिनिंगमध्ये मशीनमध्ये हात जाऊन त्यांच्या उजव्या हाताचं दीड बोट गेलेलं. सगळे म्हणाले, आता पखवाज संपला. त्यांनी शाईवरचा हात थोडा फिरवून घेतला, बोल थोडे बदलले, आणि पुढं वीस वर्षं वाजवला. मला ब्लॅक सबाथ बँडच्या गिटारवाल्याची, टोनी आयोमीची, गोष्ट खूप नंतर कळली. बर्मिंगहॅमचा कामगार पोरगा, सतरा वर्षांचा, पत्र्याच्या कारखान्यात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं मशीननं कापली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच गेला. मग प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यावर चामडं लावलं, तारा सैल केल्या. ब्लॅक सबाथचा तो जड, खोल आवाज तिथून आलाय. मी हे वाचलं तेव्हा मला बर्मिंगहॅम दिसलंच नाही. आमच्या जिनिंगचं गेट दिसलं आणि गेटाबाहेर रुमालात हात गुंडाळून बसलेले काका.

म्हणून मला राग येतो कोणी "हे आपलं नाही, इंग्रजी गोंगाट आहे" म्हणलं की. 1971 साली 'दम मारो दम'मध्ये भूपिंदर सिंगांनी गिटार वाजवली तेव्हा कोणी विचारलं नाही कुणाची आहे म्हणून. पेटी तरी कुठं आपली होती? युरोपातून आली आणि आज तिच्याशिवाय आमचं भजन उभं राहत नाही.

आणि दुसऱ्याच्या गाण्यात वाजवणारे? 1968 साली जॉर्ज हॅरिसननं 'व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स' केलं तेव्हा बाकीचे बीटल्स ते गाणं फारसं मनावर घेत नव्हते. त्यानं मित्राला, एरिक क्लॅप्टनला, बोलावून आणलं. क्लॅप्टन वाजवून गेला. रेकॉर्डवर त्याचं नावसुद्धा छापलं नाही. नाव नाही तरी आज ते गाणं लागलं की लोक त्या गिटारची वाट बघतात.

राग जरा उतरला लिहिता लिहिता. त्या सहकाऱ्याबद्दल मनात काही नाही, माणूस चांगला आहे, मला दारापर्यंत सोडून गेला. त्याला कोणी अंगणात अंधारात बसवून ऐकवलं नसेल. पण तेवढं एक बोट नको होतं त्यानं लावायला.

1999 साली मी शिकायला तेव्हाच्या औरंगाबादला गेलो. होस्टेलवर एकाच्या खोलीत असेंबल केलेला कॉम्प्युटर होता, दोन छोटे स्पीकर, आणि कुठून तरी आणलेली एमपीथ्रीची सीडी. त्यात 'कम्फर्टेबली नम' पूर्ण. आधी वाटलं काहीतरी चुकतंय, गाणं जरा वरच्या पट्टीत आणि घाईत चाललंय. मग लक्षात आलं, चूक माझ्या उतरलेल्या सेलची होती, मी तीन वर्षं ते संथ ऐकत आलो होतो. दुसरा सोलो लागला. माझ्या कॅसेटची पट्टी संपायची ती जागा आली, मी श्वास धरला, आणि ते पुढं गेलं. पुढं जातच राहिलं. तिथून तो अजून वर जातो, तारा रडवतो, परत खाली येतो, परत उठतो, आणि मग संपत नाहीच, लांब लांब जात विरतो. मी त्या पोराच्या कॉटवर तोंड भिंतीकडं करून बसलो.

आणि त्या दिवशी मला अण्णांना फोन करायचं सुचलं नाही. नंतरही नाही. परीक्षा, नोकरी, लग्न, बदल्या. माणसानं विचारलं होतं पुढचं कुठंय. मला पुढचं सापडलं होतं आणि मी सांगितलं नाही. पंचवीसहून जास्त वर्षं. कुणाच्या बोटावर मी एवढं लिहितोय?

एवढं लिहून झाल्यावर पोस्ट ठेवली बाजूला आणि गंगाखेडला फोन लावला. अण्णा आता 78 वर्षांचे. मायनं उचलला, एवढ्या रात्री काय म्हणून घाबरली. अण्णांना दे म्हणलं. एका कानानं कमी ऐकू येतं, म्हणून जोरात विचारलं, अण्णा, ते अंगणातलं इंग्रजी गाणं आठवतं का?

थोडा वेळ काही नाही. मग म्हणाले, "ते तुटलेलं?"

हो, म्हणलं.

"पुढचं सापडलं का?"

मला बोलता येईना. सापडलं, म्हणलं. फोनवर लावू का?

"फोनवर कुठं ऐकू येतंय मला. रविवारी ये घेऊन. टेप माळ्यावर हाय, काढून ठेवतो. येताना सेल आण."