नुसतं बसायला गेलो होतो

"दोघंच कुठं गेले होते?" असं पानठेल्यावर अजून विचारणं सुरूच आहे, म्हणून एकदाच इथं लिहून टाकतो. होय, आम्ही दोघंच गेलो होतो. पोरं मामाकडे होती. कोकणात दापोली तालुक्यात हर्णै म्हणून बंदर आहे, तिथं आम्ही नवरा-बायको नुसते बसायला गेलो होतो.

"बसायले? काहून, तुह्या घरी ओटा नाही का?" असं विचारणाऱ्या काकांवर माझा राग नाही. आपल्याकडे जोडप्यानं गाव सोडायची कारणं ठरलेली आहेत. शेगाव, माहूर, कोणाची तेरवी, कोणाचं लग्न, नाहीतर नागपूरचा दवाखाना. यातलं एकही नसलं की लोकांना वाटते, काहीतरी लपवून राह्यले. सरकारही तेच धरून चालते. २०२४ मध्ये राज्यानं मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना आणली, ती साठी ओलांडलेल्यांसाठी. योजना चांगली आहे, माझ्या माय-बापाचा अर्ज मीच भरून दिला. पण खेड्यातल्या माणसानं म्हातारं झाल्यावरच, अन् तेही देवाच्या नावानंच बाहेर पडावं, हे कोणी ठरवलं?

तूर घरात आली होती, कापसाची पऱ्हाटी उपटून झाली होती, हरभरा घाट्यावर होता. रानडुकरांपासून पिकाची रात्रीची जागल अन् ढोरं भावानं पत्करली. बडनेऱ्याहून विदर्भ एक्सप्रेसनं मुंबई, तिथून कोकण रेल्वेनं खेड, पुढं घाटातून एसटी. २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळं वाटेत ही दोनदा म्हणाली, "मी तुमच्याहून स्वस्त पडते." प्रवासाचं एवढंच. अंग आंबून जाते, बाकी काही सांगण्यासारखं नाही.

सांगायचं आहे ते तिथल्या एका दिवसाचं.

माघी पुनव जवळ होती, म्हणजे उधाणाचे दिवस. ज्यांच्याकडे खोली घेतली होती त्या मावशींनी सकाळीच सांगितलं, सध्या दुपारी बाराच्या सुमारास पुरती भरती येते, संध्याकाळी सहाला ओहोटी. रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढं सरकते. आम्ही चहा घेतला अन् जाऊन वाळूत बसलो. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, आंग्र्यांच्या आरमाराचा किल्ला. होडीवाला विचारून गेला. उद्या पाहू म्हटलं. दुसऱ्या दिवशीही उद्याच म्हटलं. इतक्या लांब जाऊन किल्ल्यावर गेला नाहीत, असं आता जो-तो म्हणतो. आमच्या बाजूला एक गाडी येऊन थांबली, सगळे उतरले, फोटो काढले, पुढचा पॉइंट कोणता विचारत निघूनही गेले. ते गेले तेव्हा पाणी आमच्यापासून चांगलं दूर होतं. बारा वाजता तेच पाणी आमच्या चपला न्यायला आलं. त्यांना हे दिसलंच नाही.

हिनं पाण्यात हात घातला अन् चटकन काढला. कापूस वेचून वेचून बोंडाच्या वाळल्या टोकांनी नखाच्या कडा चिरलेल्या असतात. वेचा संपला तरी त्या महिना-महिना भरत नाहीत. त्यात खारं पाणी गेलं. "झोंबते," म्हणाली, अन् पुन्हा घातला. किती तरी वेळ ती तसंच करत होती. मी म्हटलं, नको ना घालू मग. तर म्हणे, "तुमी बसा ना गुमान."

दुपारी मावशींनी बांगड्याचं तिखलं, भात अन् सोलकढी वाढली. आपल्याला धरणातला रोहू-कतला खायची सवय. बांगडा आधी जरा उग्र लागला, मग दुसऱ्यांदा मागून घेतला. जेवण झाल्यावर ही ताटं उचलायला लागली तर मावशींनी तिच्या हातातून ओढून घेतली. मग दोन वाजता ही झोपली. बाळंतपण अन् ताप सोडून दुपारी झोपलेली बायको मी लग्नानंतर पाहिली नव्हती. मीच अस्वस्थ झालो. काहीतरी करावं म्हणून उठलो, बाहेर चक्कर मारली, करायला काहीच नव्हतं, परत येऊन बसलो. रिकामं बसायची सवय नसली की तेही जड जाते, हे कबूल केलं पाहिजे.

उठल्यावर आम्ही बोललो. घरीही बोलतो आम्ही, पण युरिया आला का, फवारा कोण मारणार, पोराची फी, गाईनं दूध का कमी दिलं, एवढंच. तिथं ती माहेरच्या विहिरीबद्दल बोलायला लागली. पोटाला कोरड्या भोपळ्याची तुंबडी बांधून ती लहानपणी पोहायला शिकली होती म्हणे. मला माहीतच नव्हतं. समुद्रात मात्र गुडघ्याच्या वर गेली नाही. विहिरीले काठ असते, म्हणाली.

संध्याकाळी पाणी मागं हटलं अन् बंदरावर बैलगाड्या आल्या. बैल पाहिल्यावर मी उठलोच. होड्यांतली मासळी काठापर्यंत आणायला गाड्या सरळ पाण्यात घालतात. बैल पोटापर्यंत खाऱ्या पाण्यात उभे, लाट आली की नुसती मान वर करतात. आपला बैल नाल्याच्या पुरात पाय टाकताना दहा वेळा फुसकारतो. मग ओल्या वाळूत मासळीचे ढीग लागले, भोवती गोल झालं अन् लिलाव सुरू झाला. बोली भराभर चढत होती, मला अर्धी कळलीही नाही. ज्याची मासळी तो मात्र बाजूला गप उभा. भाव सांगणारा तिथंही दुसराच! मी लगेच आपल्या मार्केट यार्डाची अडत, वजनातली कट्टी, काटा सगळं हिला सांगायला लागलो. ही म्हणाली, "सुट्टी घेतली ना? मंग भाव काहून मोजून राह्यले?"

या दिवसाचा एक फोटो मी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. अन् शहरात नोकरीला असलेल्या एका नातेवाइकानं हसण्याचे चेहरे टाकून लिहिलं, "शेतकरी मजेत आहे, मग भावासाठी बोंबलता कशाला?"

ही पोस्ट खरं तर त्याच्यासाठी आहे. नोकरदाराला भरपगारी रजा असते, अनेकांना प्रवासाची सवलतही असते. तो गोव्याला जाऊन आला म्हणून पगारवाढ मागायचा त्याचा हक्क जात नाही. आमचा फोटो मात्र कपाळाला हात लावलेलाच पाहिजे, मागं भेगाळलेली जमीन पाहिजे, तरच कापसाच्या भावाची गोष्ट खरी. बायकोसोबत वाळूत बसलेला शेतकरी दिसला की लगेच त्याचं कर्ज खोटं. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. आमचा जाण्यायेण्याचा, राहण्या-खाण्याचा सगळा खर्च दोन क्विंटलच्या आत बसला. तो कापूस हिच्याच हातानं वेचलेला होता. त्याचा हिशेब मी ग्रुपवर कोणाला द्यायचा?

ज्याच्या घरी ढोरं पाहायला दुसरं कोणी नाही, त्याला हे जमणार नाही, हेही खरंच आहे. अन् ज्या बाया आमच्याकडे मजुरीनं वेचायला येतात, त्यांना तर कोणी विचारतही नाही. म्हणून ज्याला जमते त्यानंही जाऊ नये, हे मात्र मला पटत नाही.

आता भाऊ-वहिनीला पाठवायचं चाललं आहे. वहिनी ऐकताक्षणीच तयार झाली. भाऊ म्हणे, पंपाले रात्रीची लाईन असते, गव्हाले पाणी कोण देईन? मी देतो म्हटलं. ढोरं? तीही पाहतो म्हटलं. मग जरा वेळानं भाऊच विचारते, "तिकडं एखादं मंदिर हाये का रे?"

जवळच आंजर्ल्याला कड्यावरचा गणपती आहे, मोठं देवस्थान आहे, असं सांगून टाकलं.