भविष्यातले कपडे हवेतून येत नाहीत

विज्ञानपटांतल्या कपड्यांबद्दल एक मजकूर सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतो आहे. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: भविष्यकाळ कुणी पाहिलेला नाही, म्हणून तिथल्या कपड्यांना अभ्यास लागत नाही, अंगाला चिकटलेलं, चंदेरी काहीतरी शिवलं की भागतं, उरलेलं कॉम्प्युटर करतो, आणि खरी वेशभूषा ऐतिहासिक चित्रपटांचीच, कारण तिथे चूक पकडली जाते. नाटकांचे कपडे बेतण्यात आणि शिवण्यात माझी बरीच वर्षं गेली. हे वाचून गप्प बसवेना.

आधी अभ्यासाचं. ‘स्टार वॉर्स’ची (१९७७) वेशभूषा जॉन मोलो यांची. हा माणूस मुळात लष्करी गणवेशांचा अभ्यासक. त्या विषयावर पुस्तकं लिहिलेली, अठराव्या शतकातल्या ‘बॅरी लिंडन’साठी (१९७५) सैनिकी पोशाखांबाबत सल्ला दिलेला. त्यांनी चित्रपटातल्या जुलमी साम्राज्याच्या अधिकाऱ्यांना काय दिलं? गळ्यापर्यंत बंद कोट, घोडेस्वारांची मांड्यांशी फुगलेली विजार, गुडघ्यापर्यंत बूट. ही जर्मन लष्कराची जुनी ठेवण. समोर शेतावर वाढलेला नायक, ल्यूक नावाचा मुलगा, त्याला फिकट रंगाचा, एकावर एक पदर येणारा सैल अंगरखा. कुणी तोंड उघडायच्या आत जुलूम कुठल्या बाजूला आहे ते प्रेक्षकाला उमगतं. हे अभ्यासाशिवाय जमतं, असं म्हणणाऱ्याने एकदा करून दाखवावं.

चूक पकडणारं कुणी नसतं, एवढं मात्र खरं आहे. पण त्याने काम सोपं होत नाही, उलट अवघड होतं. ऐतिहासिक नाटकात नटाच्या डोक्यावर पगडी चढवली की माझं अर्धं काम ती पगडीच करते. काळ, हुद्दा, घराणं, सगळं प्रेक्षकाला आधीच ठाऊक असतं. भविष्यात तशी पगडी नाही. तिथे माणूस गरीब की श्रीमंत, शिपाई की साहेब, हे फक्त कापडाच्या पोतातून, बेतण्यातून आणि झिजेतून सांगायचं. झीज तर फारच मोलाची. नवाकोरा कपडा स्टेजवर भाड्याने आणल्यासारखा दिसतो, म्हणून आम्ही कोपरांवर पॉलिश पेपर घासतो, कॉलर चहाच्या पाण्यात बुडवतो, खिशात वजन घालून दोन दिवस कपडा टांगून ठेवतो. ‘एलियन’मधली (१९७९) माणसं आठवा. तीही मोलो यांचीच. माल वाहणाऱ्या यानावरचे कामगार ते, आणि दिसतातही तसेच: चुरगळलेले, रोजच्या वापराचे कपडे. लांब पल्ल्याच्या ट्रकवरची माणसं वाटावीत.

चंदेरी कापडाबद्दल फार बोलायला नको. ‘हर’मध्ये (२०१३) केसी स्टॉर्म यांनी नायकाला कपाटात सहज सापडतील असे शर्ट आणि लोकरी पँटी दिल्या. फक्त पँट कमरेच्या वर चढवली, पट्टा आणि टाय काढून टाकले. एवढ्यावर काळ पुढे सरकला.

कॉम्प्युटरचा मुद्दा सगळ्यात जास्त फसवा आहे, कारण ‘ट्रॉन’सारखा (१९८२) चित्रपट पाहून कुणालाही तसंच वाटेल. अंगावरच्या त्या उजळत्या रेषा! प्रत्यक्षात नटांनी पांढरे तंग कपडे घातले होते, त्यांवर काळ्या रेषा, डोक्याला हॉकीची हेल्मेटं. काळ्या सेटवर कृष्णधवल फिल्मवर चित्रीकरण झालं. मग एकेक चौकट मोठ्या पारदर्शक फिल्मवर उतरवली, नको तो भाग हाताने झाकला आणि मागून रंगीत प्रकाश सोडला. शिवणाऱ्याच्या नजरेने बघा: रेष गुडघ्यापाशी जरा जरी वाकडी गेली, तर पडद्यावर ती वाकडीच उजळणार. ‘ब्लॅक पँथर’मध्ये (२०१८) राणीचा मुकुट खरोखरच थ्रीडी प्रिंटरमधून निघाला. पण वेशभूषाकार रूथ कार्टर यांनी त्याचा आकार घेतला दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू विवाहितांच्या पसरट टोपीवरून. मशीनला आकार कुणीतरी सांगावा लागतो, आणि सांगणाऱ्याला आधी ती टोपी माहीत असावी लागते.

आता ‘खरी वेशभूषा ऐतिहासिकच’. आपल्या कोल्हापूरच्या भानू अथय्या यांना ‘गांधी’साठी १९८३ साली ऑस्कर मिळालं. कुठल्याही भारतीयाला मिळालेलं ते पहिलं. पण ते त्यांनी कुणाबरोबर विभागून घेतलं, हे त्या मजकुरात नाही. जॉन मोलो यांच्याबरोबर. भारतीय पात्रांचे कपडे भानूताईंनी केले, ब्रिटिशांचे मोलोंनी. ‘स्टार वॉर्स’चं ऑस्कर त्यांच्याकडे आधीपासून होतंच. आणि त्या वर्षी ‘गांधी’समोर नामांकनात कोण होतं? तोच ‘ट्रॉन’. वेशभूषाकार जेनी बेव्हन यांचंही तेच: पहिलं ऑस्कर ‘अ रूम विथ अ व्ह्यू’ या जुन्या काळातल्या चित्रपटासाठी, पुढचं भविष्यात घडणाऱ्या ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’साठी (२०१५).

ज्यांनी तो मजकूर पुढे पाठवला, त्यांनी ‘गांधी’तल्या एखाद्या ब्रिटिश अधिकाऱ्याचं चित्र आणि ‘स्टार वॉर्स’मधल्या साम्राज्याच्या अधिकाऱ्याचं चित्र शेजारी ठेवावं. कॉलर बघा, खांदे बघा, बुटांची उंची बघा.