अल्मेरियात पाणी नव्हतं, हे खरं नाही

स्पेनच्या आग्नेय कोपऱ्यात, भूमध्य समुद्राच्या काठी अल्मेरिया नावाचा प्रांत आहे. त्याचा उपग्रहातून घेतलेला फोटो तुम्ही पाहिला असेल: किनाऱ्यालगत पसरलेला प्लॅस्टिकच्या हरितगृहांचा पांढराशुभ्र पट्टा, आणि खाली मजकूर. ‘इथे वर्षाला जेमतेम 200 मिलिमीटर पाऊस. तरी शेतकऱ्यांनी सरकारपुढे हात न पसरता, निव्वळ प्लॅस्टिक आणि ठिबकच्या जोरावर वाळवंटाचं नंदनवन केलं. मराठवाड्यात 700 मिलिमीटर पडतो, तरी रडगाणं संपत नाही.’

पावसाचे आकडे ढोबळमानाने बरोबर आहेत. निष्कर्ष साफ चुकीचा आहे. आणि तो कर्जात बुडालेल्या माणसाच्या तोंडावर फेकला जातो, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

आधी पाणी. तिथली हरितगृहं आभाळातून पडणाऱ्या 200 मिलिमीटरवर चालतच नाहीत. काम्पो दे दालियास या मुख्य मैदानाच्या मागे सिएरा दे गादोर हा 2,000 मीटरहून उंच डोंगर आहे. त्याचा खडक मुख्यतः चुनखडीच्या जातीचा. वर पडलेला पाऊस आणि बर्फ त्यात मुरत जातो आणि मैदानाखाली साठतो. शेती उभी राहिली ती या साठ्यावर. उपसा इतका झाला की 1980च्या दशकातच सरकारला त्यावर निर्बंध घालावे लागले. किनाऱ्याजवळ समुद्राचं खारं पाणी भूजलात शिरलं. मग समुद्राचं पाणी गोडं करणारे प्रकल्प आले. त्यातला कार्बोनेरासचा प्रकल्प युरोपातल्या मोठ्या प्रकल्पांपैकी एक आहे आणि ते पाणी महाग पडतं. मराठवाड्याच्या पोटात आहे काळा पाषाण. त्यात पाणी राहतं ते भेगांमध्ये आणि वरच्या मुरमात. चांगला पाऊस होऊनही एप्रिलात विहिरी तळ गाठतात त्या यामुळे, शेतकऱ्याच्या आळसामुळे नव्हे. शिवाय समुद्रही शेजारी नाही.

‘सरकारची मदत नाही’ हे तर सरळ खोटं आहे. स्पेनच्या सरकारने 1939 साली शेतीच्या वसाहती वसवण्यासाठी स्वतंत्र संस्था काढली. काम्पो दे दालियासचं काम 1940च्या दशकात हाती घेतलं. विहिरी खोदल्या, कालवे काढले, जमिनीचे तुकडे पाडून बाहेरून आणलेल्या कुटुंबांना दिले, त्यांच्यासाठी गावं वसवली. 1963 साली रोकेतास दे मार भागात पहिलं प्लॅस्टिकचं हरितगृह उभं राहिलं तेही याच संस्थेच्या पुढाकाराने. नंतर शेतकऱ्यांनी सहकारी संस्था आणि पतपेढ्या उभ्या केल्या, कष्ट उपसले. त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

प्लॅस्टिकचं म्हणाल, तर त्याआधी वाळू होती. खडकाळ जमिनीवर बाहेरून आणलेल्या चिकण मातीचा थर द्यायचा, त्यावर शेणखत, आणि सगळ्यात वर साधारण 10 सेंटिमीटर जाड वाळू. वाळूमुळे ओल उडून जात नाही, क्षार वर येत नाहीत, म्हणून थोडं खारट पाणीही पिकाला चालतं. काही वर्षांनी ही वाळू बाजूला ओढून खाली पुन्हा खत भरावं लागतं. सांगाडाही आयता मिळाला: तिथे द्राक्षाचे मांडव होते, त्याच खांब-तारांवर प्लॅस्टिक चढलं. ही सारी स्थानिक कारागिरी आहे. दुकानातून पॉलिहाऊसचा संच आणून ती मिळत नाही. वाळूसाठी तिथले किनारे आणि वाळूच्या टेकड्या ओरबाडल्या गेल्या, हेही त्या फोटोखाली लिहिलेलं नसतं.

मजुरांबद्दलही तिथे अवाक्षर नसतं. तोडणी करणारे बहुतेक हात मोरोक्को आणि आफ्रिकेतल्या इतर देशांतून आलेल्यांचे आहेत. निहार परिसरात त्यातले कित्येक जण लाकूड आणि जुन्या प्लॅस्टिकच्या झोपड्यांत राहतात. फेब्रुवारी 2000मध्ये एल एहिदो या तिथल्याच शहरात मोरोक्कन मजुरांवर सलग काही दिवस हल्ले झाले. स्वस्त भाजीच्या हिशेबात या माणसांच्या हालअपेष्टा आहेत.

राहिला बाजार, आणि मला सगळ्यात मोठा फरक इथे दिसतो. अल्मेरियात जानेवारीत दिवसा 16-17 अंश तापमान असतं, ऊन भरपूर, पाणी गोठवणारी थंडी नाही. म्हणून हरितगृह तापवायला इंधन लागत नाही. त्याच वेळी उत्तर युरोपातली रानं गारठलेली असतात. टोमॅटो, ढोबळी मिरची, काकडी ट्रकने दोन-तीन दिवसांत जर्मनीला पोचते, आणि 1986 साली स्पेन युरोपीय समुदायात (आताच्या युरोपीय संघात) गेल्यापासून ही बाजारपेठ त्यांच्यासाठी खुली होत गेली. म्हणजे भाव मिळतो तो दुसरीकडे माल नसतो म्हणून. उन्हाळ्यात तर तिथलीही बरीच हरितगृहं रिकामी असतात.

आपल्याकडे जानेवारीत टोमॅटो उघड्या रानात पिकतो आणि बाजारात त्याचे ढीग लागतात. त्या भावात पॉलिहाऊसच्या कर्जाचा हप्ता निघत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा 40च्या वर जातो, तेव्हा प्लॅस्टिकखाली पीक होरपळतं. जालना-देऊळगाव राजा पट्ट्यात शेडनेट (सावलीच्या जाळीखालची शेती) टिकली, कारण तिथे भाजी विकायला नाही, कंपन्यांशी करार करून भाजीपाल्याचं बियाणं तयार केलं जातं. त्याचा दर पेरणीआधी ठरतो.