अमेरिकेचं झाकण

परवा सकाळी, म्हणजे तुमच्या संध्याकाळी, पुण्यात सहकारनगरच्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो येऊन पडला. जिन्याखाली वॉचमनचा माठ असतो, त्या माठावर हिरव्या प्लास्टिकची एक गोल, भोकाभोकांची तबकडी. खाली मजकूर: ‘अमेरिकन तंत्रज्ञान अखेर मार्गी लागले.’ त्याखाली १८ हसरे चेहरे आणि एक अंगठा. अंगठा आमच्या बाबांचा.

ती तबकडी माझी. गेल्या फेब्रुवारीत मिशिगनहून पुण्याला येताना २३ किलोच्या बॅगेतून स्वतःचे दोन शर्ट आणि पुतणीसाठी घेतलेला एक खोका बाहेर काढून मी तिला जागा केली होती. पहिली गोष्ट, भोकं असलेली वस्तू पाण्यावर झाकण म्हणून ठेवू नये, हे दर पावसाळ्यात डेंग्यूने हैराण होणाऱ्यांना मी सांगायला नको. दुसरी गोष्ट, ते झाकण नाही.

ते काय आहे हे ग्रुपवर आजवर एकानेही विचारलेलं नाही, म्हणून इथे सांगतो. अंगणातला पाला ओढायचं दाताळं असतं, त्याच्या दात्यांवर ही तबकडी दोन खटक्यांनी बसते. पाला ओढून पिशवीत भरला की तबकडी लावायची आणि दांड्यावर भार देऊन आतला पाला खाली दाबायचा. भोकं आहेत ती हवा निघून जावी म्हणून. वाळक्या पाल्याने भरलेली पिशवी म्हणजे बरीचशी हवाच. ती काढली की तीन पिशव्यांचा पाला दोन पिशव्यांत बसतो, आणि कमरेत वाकावं लागत नाही. मराठीत हिला नाव शोधायचं तर धुम्मस सगळ्यांत जवळचं. आजोळी नवी जमीन केली की मामा धुम्मसाने चोपायचा आणि मग मामी सारवायची. तेच, फक्त पाल्यासाठी, आणि २८ डॉलरला.

आता भांडण. आमच्या सोसायटीत २४ फ्लॅट आणि दोन रेन ट्री आहेत. झाडं सोसायटीच्या आधीची. फेब्रुवारी लागला की पानगळ सुरू होते. आधी ती बारीक पानं, मागोमाग चिकट शेंगा, ज्या चपलेला लागून थेट देवघरापर्यंत जातात. हा पाला पोत्यांत भरून एक टेम्पोवाला नेतो, पोत्यामागे ४० रुपये. ऐन भरात आठवड्याला २५-३० पोती. सेक्रेटरींनी त्यापायी जादा वर्गणी काढली आणि ग्रुप पेटला. एक पक्ष म्हणाला, झाडंच पाडा. शहरातली झाडं जपण्याचा कायदा १९७५ पासून आहे, परवानगी लागते, असं मी लिहिलं. उत्तर आलं, ‘मिळते’. दुसरा पक्ष काहीच लिहीत नाही, तो पहाटे पाचला कोपऱ्यात काडी लावून मोकळा होतो. उघड्यावर कचरा जाळला तर ५ हजार आणि मोठ्या प्रमाणात जाळला तर २५ हजार रुपये दंड, असं हरित लवादाने २०१६ मध्येच ठरवून दिलंय. तेही मी लिहिलं. त्यावर उत्तर नाही, पण दुसऱ्या दिवशी तो कोपरा पाणी मारून लख्ख धुतलेला होता, असं बाबांकडून कळलं.

तिसरा पक्ष म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या काकू. त्या कित्येक वर्षं मागच्या भिंतीलगत विटांच्या हौदात जमेल तेवढा पाला टाकतात, वर शेणाचं पाणी शिंपडतात आणि पुढच्या वर्षी चहाच्या चोथ्यासारखी काळी माती काढतात. त्यांचं कोणी ऐकत नाही, कारण त्या हळू बोलतात आणि ग्रुपवर नाहीत.

या गदारोळात मी एवढंच म्हटलं, की पाला दाबून भरा, तीन पोत्यांची दोन होतील, त्यासाठी एक साधी वस्तू मिळते, मी येताना आणतो. बी विंगमधल्या एका गृहस्थांनी लिहिलं, ‘तिथे बसून सल्ले देणं सोपं असतं.’

बसून! ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगपर्यंत एकही शनिवार मी बसलेलो नाही. मागे दोन मेपल, पुढे एक ओक. मेपल निदान एकदाचा रिकामा होतो. ओक हट्टी, सगळ्यांच्या पिशव्या भरून झाल्या की मग पानं सोडतो. कागदी पिशव्या विकत आणायच्या, त्या ५० पौंडांच्या वर गेल्या तर उचलत नाहीत, सोमवारी सकाळी सातच्या आत रस्त्याच्या कडेला, कर्बला हव्यात. पाला लँडफिलला, म्हणजे कचरा पुरायच्या जागी टाकायला मिशिगनमध्ये १९९५ पासून बंदी आहे; आमच्या गावातला सगळा पाला खतासाठी जातो आणि वसंतात ते खत आम्हीच ट्रॉलीत भरून आणतो. तुम्हाला आपला कचरा कुठे जातो हे कधी आठवतं? कचरा डेपोजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी गाड्या अडवल्या की. आणि आपलं अंगण आपण झाडायचं असतं, हे इथे कोणाला शिकवावं लागत नाही. माझ्या शेजारी निवृत्त न्यायाधीश राहतात, ते स्वतः दाताळं ओढतात. आपल्या सोसायटीत माझ्या वयाच्या किती पुरुषांनी गेल्या १० वर्षांत खराटा हातात धरला, ते त्यांनी ग्रुपवर हात वर करून सांगावं.

(मी पुण्यात २६ वर्षं काढली. मीही धरला नव्हता.)

न्यायाधीश स्वतः दाताळं ओढतात हे खरं. त्यांच्या पलीकडचे गृहस्थ रविवारी सकाळी आठला पेट्रोलचा ब्लोअर पाठीला बांधून पाला स्वतःच्या हद्दीतून माझ्या हद्दीत ढकलतात, हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. त्या आवाजाला कंटाळून कॅलिफोर्नियातल्या कार्मेलने १९७५ मध्येच ब्लोअरवर बंदी घातली होती, म्हणजे ज्या वर्षी तुम्ही झाडांचा कायदा केलात त्याच वर्षी. आमच्या गावात अजून कोणी विषयही काढत नाही. पिशव्या रविवारऐवजी शनिवारी बाहेर ठेवल्या म्हणून मला एचओएचं, म्हणजे इथल्या घरमालकांच्या संघटनेचं पत्र आलं होतं, फोटोसकट, तेही लिहिलं नाही. माझ्या हिशेबात जे बसत होतं ते लिहिलं. बी विंगवालेही तेच करतात.

तर प्रयोग. फेब्रुवारीत पुण्यात पोचल्यावर लक्षात आलं की तबकडी आहे पण दाताळं नाही. अख्ख्या सोसायटीत खराटे, आणि खराट्याला तबकडी कुठे लावणार? बोहरी आळीत जाऊन तार आणि नट-बोल्ट आणले, वॉचमनच्या खोलीमागचा बांबू घेतला आणि तबकडी त्याच्या बुंध्याला आवळली. ध्यान दिसत होतं. तोवर बातमी पसरली होती. सकाळी नऊला तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या भरलेल्या. सेक्रेटरी खाली चहा घेऊन उभे.

सोसायटी झाडणाऱ्या मावशींनी पोतं भरलं. मी धुम्मस उचलून आत घातलं आणि दाब दिला. इथल्या कागदी पिशव्या स्वतःच्या पायावर ताठ उभ्या राहतात. पोतं अंगच टाकून देतं. तबकडी तिरकी झाली, पोतं एका अंगावर बसलं आणि दुसऱ्या अंगाने निम्मा पाला उसळून माझ्या बुटांवर आला. दुसऱ्यांदा बांबू सुटला. गॅलरीतून कोणीतरी ‘मेक इन इंडिया’ असं ओरडलं.

मावशी हसल्या नाहीत. त्यांनी चपला बाजूला काढल्या, साडी खोचली, वॉचमनच्या खांद्याला धरून एक पाय पोत्यात घातला, मग दुसरा. वॉचमनने पोत्याचं तोंड दोन्ही मुठींत धरून वर ताणलं. मावशी आत जागच्या जागी फिरायला लागल्या. टाच कोपऱ्यात, मग चवडा, मग पुन्हा टाच. पापड मोडावेत तसा आवाज. छातीपर्यंतचा पाला मांडीला आला, मग गुडघ्याला. वरून आणखी दोन पाट्या ओतल्या, पुन्हा फिरल्या. बाहेर पडून दाभणाने सुतळी ओवली, चार टाके मारले. पाच मिनिटंही लागली नसतील. मी आणलेल्या वस्तूने यापेक्षा जास्त पाला बसला नसता, हे मला तिथेच कळलं होतं. कबूल आज करतोय.

चपला घालताना त्यांनी पाय झटकला. टाचेच्या भेगांत पाल्याचा भुगा गच्च बसलेला, आणि अंगठ्याच्या खाली हळद भरलेली एक ताजी चीर. माझ्या हातातल्या बांबूकडे बघून म्हणाल्या, ‘ते ऱ्हाऊ द्या दादा. त्यापरीस एखादा बूट बघा. आत काच असती, कळत न्हाई.’

मी ‘हो, बघतो’ म्हणालो. गॅलऱ्या रिकाम्या झाल्या.

त्या दिवशी दुपारी पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी मला वर बोलावून सरबत दिलं आणि हौद दाखवायला नेलं. मी सवयीने हाताने पाला खाली रेटला तर म्हणाल्या, ‘दाबू नकोस रे. त्याला हवा लागते. मोकळा ठेवलास तर कुजतो, दाबलास तर सडतो.’ हौदात मावत नाही तो पाला त्या ब्राउन लीफच्या मंडळींमार्फत देतात. ज्याच्याकडे पाला आहे आणि ज्याला बागेसाठी हवा आहे, अशांची ते लोक गाठ घालून देतात. म्हणजे माझी जी धडपड चालली होती, पोती २५ वरून १६-१७ वर आणायची, त्या धडपडीत एकही पोतं टेम्पोत का चढावं हा प्रश्नच नव्हता. काकूंना तो कित्येक वर्षांपूर्वी पडला होता. हे मी ग्रुपवर लिहायला हवं होतं. नाही लिहिलं, कारण मग तबकडीचं काय, असं बी विंगमधून विचारलं असतं.

इकडे परत आल्यावर मी दुसरी तबकडी घेतली. गेल्या शनिवारी तिसरी पिशवी दाबताना मला कशाची आठवण यावी, तर वॉचमनच्या त्या दोन मुठींची. ही वस्तू कमरेसाठी आहे असं पाकिटावर लिहिलेलं असतं. खरं तर ती ज्याच्या पिशवीचं तोंड धरायला कोणी नाही, त्याच्यासाठी आहे. बायकोची शनिवारी हॉस्पिटलात ड्यूटी असते. मुलगा खिडकीतून ओरडतो, ‘बाबा, त्याच्यावरून सरळ मोअर फिरवा ना, भुगा होईल, तसाच राहू दे लॉनवर’, आणि तो बरोबर आहे, पण मग मी शनिवारी काय करू? आजूबाजूला कोणी नाहीसं पाहून मी बूट काढला आणि पाय पिशवीत घातला. मोजा ओला झाला आणि पिशवीचा तळ फाटला.

त्याच रात्री बाबांना फोन केला. म्हटलं, अंगठा का दिलात?

‘माठ उघडा असायचा. चिमण्या घाण करायच्या. आता झाकला जातो.’

‘बाबा, ती काय माठावर ठेवायची वस्तू आहे? आमच्याकडे असं...’

‘कोणाकडे?’ बाबा म्हणाले. ते चिडून बोलत नव्हते. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं.

मी विषय बदलला. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर बाबांच्या नावाखाली माझं नाव आहे, सहसभासद म्हणून. वर्गणीची पावती निघते ती दोघांच्या नावाने. सर्वसाधारण सभेची नोटीस मला ईमेलने येते आणि मी ती इथल्या पोस्टातल्या पत्रांपेक्षा लक्ष देऊन वाचतो. कुठला पाइप फुटला, कोणाची गाडी कोणाच्या जागेत लागली, लिफ्टची वर्गणी तळमजल्याने द्यावी की नाही, मला सगळं ठाऊक असतं. इथल्या टाउनशिपच्या बैठकीला मी १४ वर्षांत एकदा गेलो, तेही रस्ता चुकून; लायब्ररी शेजारच्या दारात होती.

बूट राहिले ते राहिलेच. बोहरी आळीत ज्या दुकानातून मी तार घेतली त्याच्या शेजारच्या दुकानात दाराशीच काळे गमबूट दोरीला टांगलेले होते. मावशी बोलल्या त्याच दिवशी संध्याकाळी मी त्या भागातून भडंग आणायला गेलो होतो. भडंग आणलं. दोन किलो, इकडे न्यायला. बॅगेत जागा होती, कारण तबकडी पुण्यातच ठेवली होती.

पुढच्या फेब्रुवारीचं तिकीट कालच काढलं. पण तेवढं थांबण्यात अर्थ नाही, पानगळ आणि मी एकाच दिवशी पोचणार. म्हणून आज सकाळी ग्रुपवर, त्या माठाच्या फोटोखाली, विचारलं: ‘मावशींचा नंबर कोणाकडे आहे का?’

दोन मिनिटांत तिघांनी मोबाइल नंबर पाठवला. त्यातला एक बी विंगमधून.

मी लिहिलं, ‘फोनचा नाही. पायाचा.’

निळ्या खुणा १९ जणांच्या आल्या आहेत. उत्तर अजून नाही.