दाभोळची फेरीबोट आणि तो 1987 चा फॉरवर्ड

"दाभोळ-धोपावे फेरीबोटीत गाडी घालू नका, उघड्या डेकची जुनाट डिझाइन आहे, अशीच बोट 1987 ला उलटून 193 माणसं मेली, परदेशात असल्या बोटी कधीच बंद झाल्या" हा फॉरवर्ड (कोकणात खाडी ओलांडून गाड्या नेणाऱ्या बोटीबद्दल) आमच्या आत्याकडे पोचला आणि आता ती दापोलीहून गुहागरला खेड-चिपळूणचा वळसा घालून जायचं म्हणतेय. नाहीतर असल्या मेसेजला उत्तर देत कोण बसतं.

1987 ची ती बोट म्हणजे हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज, बेल्जियमच्या झेब्रुगे बंदराबाहेर उलटली. आकडा बरोबर, बाकी सगळं उलटं. तिचा गाड्यांचा डेक उघडा नव्हताच हो, बंदिस्त होता! न्यायमूर्ती शीन यांचा चौकशी अहवाल आहे, वाचा की. पुढचं दार लावायचं राहिलं, ते लागलंय की नाही हे वर कॅप्टनला कळायची सोय नाही (दिवा बसवा म्हणून कॅप्टन लोकांनी आधीच मागणी केलेली, कंपनीनं थट्टेवारी नेली), बोटीनं वेग घेतला आणि पाणी आत. मध्ये एक आडभिंत नाही, मग परातीत पाणी घेऊन चालताना होतं तसं सगळं पाणी एका कडेला धावलं, बोट कलली, कलली म्हणून आणखी पाणी तिकडे, आणि बाहेर पडायला वाट नाही. काही मिनिटांत खेळ खलास. खाडीतल्या उघड्या बोटीत डेकवर आलेलं पाणी साठून राहत नाही, वाहून जातं. म्हणजे जो दोष इथे नाहीच त्याचंच नाव घेऊन घाबरवायचं.

परदेशात बंद? न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंड फेरीत 2022 ला नव्या बोटी आल्या, त्याही जुन्यांसारख्याच केशरी, आणि आपल्या बोटीसारखीच दोन्ही टोकं सारखी. हाँगकाँगच्या स्टार फेरीच्या बोटींचीही दोन्ही टोकं सारखीच, आणि तिची सुरुवात केली दोराबजी नवरोजी नावाच्या पारशानं.

"दोन्ही टोकं सारखी म्हणजे पैसे वाचवले" असंही एक रत्न आहे त्या फॉरवर्डमध्ये. अहो, दोन केबिन, दोन्हीकडे बोट ढकलणारे पाण्यातले पंखे, खर्च वाढतो की कमी होतो? बोट वळवायला लागू नये म्हणून करतात ते.

एक मात्र मान्य, नाइलाजानं. ही सपाट बोट खाडीसाठी आहे, ऐन पावसाळ्यात उघड्या समुद्रात न्यायची नाही. आणि एसी लावून काचा बंद करून गाडीतच बसून राहणाऱ्यांनी कृपा करून खाली उतरावं, हॅन्डब्रेक ओढून. आत्यालाही हेच सांगितलंय, ती म्हणते बघू.