पुढे दोनच चेनरिंग लावायच्यात, त्यात एवढा छळ कशासाठी?

माउंटन बाइकला पुढे दोन चेनरिंग, म्हणजे पेडलपाशी चेन फिरवणाऱ्या दातेरी चकत्या, हव्यात असं नुसतं म्हणून बघा. समोरचा मेकॅनिक असो, दुकानदार असो की बरोबर सायकल चालवणारा मित्र, पहिलं वाक्य ठरलेलं: "अरे, कशाला त्या भानगडीत पडतोस? एकच रिंग ठेव, वन-बाय करून टाक." मी विचारलं होतं काय, तर माझ्या फ्रेमला कुठला फ्रंट डिरेलर (चेन एका रिंगेवरून दुसरीवर ढकलणारा भाग) बसेल. सल्ला काय मिळाला, तर फ्रंट डिरेलर काढूनच टाक. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! हे ऐकून ऐकून आता माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मला टू-बाय, म्हणजे पुढे दोन रिंगा, हवंय ते हौस म्हणून नाही. पुढे ३६ आणि २६ दातांच्या रिंगा आणि मागे १० ते ४५ दातांची कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा, म्हणजे कॉगचा, संच) घेतली की सगळ्यात हलक्या आणि सगळ्यात जड गिअरमध्ये सव्वासहा पटींचा फरक मिळतो. वन-बायला मागे १०-५२ ची अवाढव्य कॅसेट लावली तरी तो ५.२ पटच. आणि पायऱ्यांचं काय? १०-५१ च्या कॅसेटचा शेवट ३३, ३९, ४५, ५१, म्हणजे सरळ सहा-सहा दातांच्या उड्या. १०-४५ मध्ये तोच शेवट ३२, ३६, ४०, ४५. लांब चढावर पाय एका लयीत फिरत असताना ही उडी गुडघ्यांना बरोबर कळते. ज्यांना एक रिंग पुरते त्यांनी खुशाल एक वापरावी, माझी काही तक्रार नाही. पण ज्याला दोन हव्यात त्याने शेवटी कंटाळून नाद सोडावा अशी सगळी तजवीज का करून ठेवली आहे?

कारण फ्रंट डिरेलर विकत घेणं म्हणजे आधी एक प्रश्नपत्रिका सोडवणं आहे. सीटखालच्या नळीला, म्हणजे सीट ट्यूबला, आवळायचा क्लॅम्पचा की थेट फ्रेमवर बसणारा डायरेक्ट माउंटचा? क्लॅम्पचा असेल तर सीट ट्यूब २८.६ मिलिमीटरची, ३१.८ ची की ३४.९ ची? क्लॅम्प वर बसतो की खाली? डायरेक्ट माउंट असेल तर शिमानोचा डी-टाइप वेगळा, स्रॅमचे एस१, एस२, एस३ वेगळे, आणि बॉटम ब्रॅकेटपाशी (पेडलचे दांडे, म्हणजे क्रँक, ज्यावर फिरतात त्या बेअरिंगपाशी) बसणारा जुना ई-टाइप आणखी वेगळा. केबल वरून येते, खालून येते की पुढून? मोठी रिंग किती दातांची? चेनला ढकलणाऱ्या दोन पट्ट्यांच्या पिंजऱ्याची, म्हणजे केजची, गोलाई त्याच मापाला धरून केलेली असते, म्हणून तेही हवं. दोन रिंगांमधला फरक १० दातांचा की १४ चा? हे सगळं जुळवून एकदाचा डिरेलर हातात येतो, आणि बसवल्यावर दिसतं की सस्पेन्शन पूर्ण दबलं की मागचा टायर केजला घासतोय.

माझ्या डिरेलरच्या खोक्यावर काय छापलं होतं? मॉडेलचा एक लांबलचक क्रमांक. आत चौघडी केलेला कागद, त्यावर बाण दाखवणारी चित्रं. किती दातांची रिंग, किती फरक, कुठली चेनलाइन (फ्रेमच्या मध्यरेषेपासून रिंगांचं अंतर), याचा पत्ता नाही. ज्या माहितीवाचून वस्तू बसूच शकत नाही, ती माहिती वस्तूबरोबर द्यायला काय जड जातं?

रिंगांच्या बाबतीतही हेच. "१०४ बीसीडीला बसते" (बीसीडी म्हणजे रिंगेच्या बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास) एवढं सांगून नॅरो-वाइड रिंग गळ्यात मारतात. बोल्टला बसते, हे खरं. पण तिचे एक जाड, एक बारीक असे दात चेन घट्ट धरून ठेवायलाच केलेले असतात, त्यावरून चेन उतरणार कशी? टू-बायच्या मोठ्या रिंगेला आतल्या बाजूने उतार आणि खिळे असतात, चेन त्यांच्यावरूनच वर चढते. ते उतारही ठराविक छोट्या रिंगेशी जमतील असेच केलेले असतात, त्यामुळे २२ बरोबरची ३६ आणि २६ बरोबरची ३६ सारखी नव्हे. हे विकणाऱ्याला माहीत नसेल तर ग्राहकाने कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

आणि बसवून देणारे! छोट्या रिंगेवर आणि मागे सगळ्यात मोठ्या कॉगवर चेन गेली की ती केजच्या आतल्या पट्टीला खरखर घासत होती. केज आत किती जाईल ते ठरवणारा एल स्क्रू पूर्ण सैल केला तरी केज आणखी आत जायला तयार नाही. मेकॅनिकने थंडपणे सांगितलं, "टू-बाय म्हटलं की घासणारच." घासणारच? मी क्रँक उतरवला. ७३ मिलिमीटरच्या शेलला (फ्रेममधल्या बॉटम ब्रॅकेटच्या नळीला) अडीच मिलिमीटरचा स्पेसर उजवीकडे हवा, तो डावीकडे घातलेला. म्हणजे सगळ्या रिंगा अडीच मिलिमीटर आत. जिथे चेनलाइन ४८.८ अशी दशांशापर्यंत मोजून दिलेली असते, तिथे हा माणूस अडीच मिलिमीटर बिनदिक्कत खाऊन मोकळा झाला आणि खापर डिरेलरवर फोडलं. स्पेसर बाजू बदलून घातला, खरखर बंद.

सेटिंग मुळात अवघड नाही, चिडचिड होते ती याचीच. त्याला क्रम आहे. आधी उंची: बाहेरची पट्टी मोठ्या रिंगेच्या दातांच्या १ ते ३ मिलिमीटर वर, आणि रिंगेला समांतर. मग केबल सैल असतानाच एल स्क्रू, आतली पट्टी आणि चेन यांच्यात अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून कमी जागा राहील असा. मग केबल ओढून घट्ट करायची. शेवटी मोठ्या रिंगेवर आणि सगळ्यात छोट्या कॉगवर चेन नेऊन केजची बाहेरची मर्यादा ठरवणारा एच स्क्रू, बाहेरच्या पट्टीशी तेवढीच जागा ठेवून. झालं. पण बघावं तर जो तो आल्या आल्या केबलचा ताण बदलणारा बॅरल अॅडजस्टर पिळायला घेतो, मग एच स्क्रू, मग पुन्हा बॅरल. उंची कुणी मोजतच नाही. केज पाच-सहा मिलिमीटर वर लटकत असेल तर जन्मभर स्क्रू फिरवा, चेन नीट चढणार नाही. आणि ते स्क्रू तरी कसे? काळ्यावर काळ्यात कोरलेली एल आणि एच ही अक्षरं, तीही डिरेलरच्या हलणाऱ्या जोडांच्या (लिंकेजच्या) मागे, टॉर्च दातात धरल्याशिवाय दिसत नाहीत.

चेनच्या लांबीबद्दल तर बोलायलाच नको. फुल सस्पेन्शनला शॉकमधली हवा काढून, चाक पूर्ण वर घेऊन मापायची असते, कारण दबल्यावर चेन जास्त लागते. किती जण हवा काढतात? ३६-२२ आणि ११-४२ म्हणजे मागच्या डिरेलरला १४ अधिक ३१, एकूण ४५ दातांची ढील सांभाळायची आहे, त्याला लांब केजचाच डिरेलर लागतो. ही साधी बेरीजसुद्धा करायचे कष्ट घेत नाहीत.

२०१२ मध्ये स्रॅमने १ बाय ११ (पुढे एक रिंग, मागे अकरा कॉग) आणलं, तेव्हापासून सगळे एकाच बाजूला धावले, आणि आज बहुतेक नव्या माउंटन बाइक फ्रेमवर फ्रंट डिरेलरला जागाच नसते. शिमानोने २०१९ मध्ये ३६-२६ चं टू-बाय १२ स्पीडमध्येही, म्हणजे मागे बारा कॉग घेऊन, दिलं. क्रँक आहे, कॅसेट आहे, बसवायला फ्रेम कुठे आहे? फ्रेमवाल्यांनो, एक माउंट ठेवा, वर झाकण लावून द्या, ज्याला नको तो झाकण काढणार नाही. आणि डिरेलरवाल्यांनो, खोक्यावर ठसठशीत छापा: माउंट कुठला, केबल कुठून, मोठी रिंग किती ते किती, फरक किती, चेनलाइन किती. पाच ओळी आहेत. खोक्यावर जागा भरपूर आहे.